मशागत आणि राखण

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१५, यहेज्केल ३४:१७–२२, रोमकरांस पत्र ८:१९–२२



वरील तीन पाठ आपापल्या घरी सांजवेळी मोठ्याने वाचावे, आणि ज्यांस वाचता येत नाही अशा शेजाऱ्यांस बोलावून ऐकवावे, अशी प्रथम विनंती आहे. जे उपदेशक बंधू हा लेख मंडळीपुढे वाचून दाखवतील त्यांनी पाठ आधी वाचावे, लेख मागाहून. कारण माणसाचे बोलणे झाडाच्या सावलीसारखे आहे. सूर्य सरकला की ती सरकते. देवाचे वचन मात्र मुळासारखे स्थिर आहे.

पहिल्या पाठात असे सांगितले आहे की देवाने मनुष्याला निर्माण करून एका बागेत ठेवले व त्याच्यावर दोन कामे सोपवली. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्या कामांना मशागत व राखण अशी नावे आहेत. हे शब्द समजावून सांगण्यास आपणांपैकी कोणालाही पंडिताकडे जाण्याची गरज नाही. नांगरट, कुळवणी, पेरणी, खुरपणी ही सारी मशागत होय. आणि ज्वारी हुरड्यात आली म्हणजे माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणे व रात्री शेतात जागल करणे ही राखण होय.

येथे एक गोष्ट ध्यानात आणावी. काटे व कुसळे यांचा शाप तिसऱ्या अध्यायात आहे, आणि काम दुसऱ्या अध्यायात दिले आहे. म्हणजे पाप जगात येण्यापूर्वीच काम आले. यास्तव शेतात राबणे ही शिक्षा नव्हे, ती देवाने दिलेली पहिली चाकरी आहे. ज्या मूळ इब्री भाषेत हे वचन लिहिले गेले तिच्यात मशागतीसाठी 'अबद' व राखणीसाठी 'शामर' असे शब्द आहेत. गणनेच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लेवी लोकांनी निवासमंडपात करावयाच्या सेवेसाठीही हेच दोन शब्द योजले आहेत. लेवी जसा मंडपात, तसा शेतकरी आपल्या वावरात सेवक आहे. अहरोनाने लोकांस आशीर्वाद देताना परमेश्वर तुमचे रक्षण करो म्हणून जे म्हणावयाचे होते, त्यातही 'शामर' हाच शब्द आहे. जी राखण देव आपली करतो, तीच त्याने आपल्याला भूमीची करावयास सांगितली आहे.

आणखी एका ठिकाणी हा शब्द येतो, व तो ऐकून मन थरथरते. हाबेल कोठे आहे असे देवाने विचारले तेव्हा काइनाने उलट विचारले, मी काय त्याचा राखणदार आहे? त्या वेळी हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडत होते. बंधूंनो, ज्याने भूमीची राखण सोडली त्याने भावाची राखण सोडण्यास फारसा वेळ लागत नाही. ही दोन पापे एका घरात राहतात.

१. मालक कोण?

राखणदार मालक नसतो. रात्रभर जागून सकाळी जर तो म्हणू लागला की कणसे माझी, तर त्याला चोर म्हणावे लागेल. आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कोणाचेही नाव असो, चोविसाव्या स्तोत्रात पृथ्वी व तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे आहे असे सांगितले आहे. लेवीय २५:२३ मध्ये तर देवाने इस्राएलास स्पष्ट बजावले की जमीन कायमची विकावयाची नाही, कारण ती माझी आहे. तुम्ही माझ्याजवळ उतरलेले पाहुणे आहा. पाहुण्याने घरातील भांडी फोडून निघून जाणे शोभते काय?

मालकाने आपल्या जमिनीसाठी नियमही लावून दिले. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवावे, आणि त्यात आपोआप जे उगवेल ते गरिबांनी खावे व त्यांच्यामागून राहिलेले रानपशूंनी खावे (निर्गम २३:११). वेढा घातलेल्या नगराभोवतीचीही फळझाडे तोडू नयेत (अनुवाद २०:१९). घरट्यात पिले असता पिलांबरोबर आईला धरू नये (अनुवाद २२:६). नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाकडे पाहतो, असे शलमोनाच्या नीतिसूत्रांत आहे (१२:१०). जो देव युद्धाच्या धामधुमीतही फळझाडाची आठवण ठेवतो, तो आपल्या बांधावरची चिंच विसरला असेल काय?

इस्राएलाने हे नियम पाळले नाहीत. तेव्हा काय झाले ते दुसऱ्या इतिहासाच्या शेवटच्या अध्यायात वाचावे. लोक बाबेलास बंदिवान होऊन गेले आणि सत्तर वर्षे भूमी ओसाड पडून आपले शब्बाथ भोगीत राहिली. माणसाने जे देणे बुडवले ते देवाने जमिनीला वसूल करून दिले. देवाच्या दरबारात जमिनीचीही फिर्याद ऐकली जाते.

२. पायांनी गढूळ केलेले पाणी

दुसरा पाठ यहेज्केल संदेष्ट्याचा आहे. त्यात परमेश्वर पुष्ट मेंढरांना दोष देतो. चांगले कुरण तुम्ही चरता ते पुरेसे नाही म्हणून राहिलेले पायांखाली तुडवता काय? निर्मळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करता काय? आणि माझ्या बाकीच्या मेंढरांनी तेच प्यावे काय? हा दोष लांडग्यांना दिलेला नाही, कळपातल्याच मेंढरांना दिला आहे. म्हणून तो मंडळीने ऐकावा.

येथे मला माझाच दोष सांगितला पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी मी एका कोरडवाहू गावी पाळक होतो. त्या वर्षी पाऊस फार थोडा झाला. मंदिराच्या आवारात बोअर घ्यावी असे पंचांनी ठरवले, आणि मीच त्यासाठी वर्गणी गोळा केली. चारशे फुटांवर पाणी लागले. आम्ही उभे राहून उपकारस्तुती केली. त्या पाण्यावर आम्ही फुलझाडे लावली, आणि मंदिराच्या तुकड्यात थोडा ऊसही लावला, की मंडळीस उत्पन्न व्हावे. उतारावर खालच्या वस्तीत एक जुना आड होता. त्यावर गावातील सर्वांत गरीब घरे पाणी भरीत. त्यात आपली घरे होती व इतर धर्मांचीही होती. चैत्र संपता संपता तो आड आटला.

एका रविवारी मी योहानाच्या चौथ्या अध्यायावर, शोमरोनी बाई व जिवंत पाणी यावर उपदेश केला. उपासना सुटल्यावर फाटकाशी एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी होती. ती आपल्या मंडळीतली नव्हती. ती म्हणाली, "सायेब, आमच्या आडाचं पाणी तुटलं. देवानं धाडलेलं पाणी तुमच्या कुंपणापुरतंच हाय का?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. आत मी जिवंत पाण्याविषयी तासभर बोललो होतो, आणि बाहेर एका तहानेल्या बाईची घागर रिकामी होती. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पंचांची सभा भरवली. काही जण म्हणाले, बोअर आपल्या पैशाने घेतली आहे, आड कशाने आटला हे कोण सांगू शकेल? एक वृद्ध पंच फार वेळ गप्प बसले होते. शेवटी ते म्हणाले, "माझ्या आजाला या गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. वरून कोणी ओंजळीत ओतेल तेव्हा पाणी. आता वरून ओतणारे आपण झालो काय?"

बंधूंनो, हे वाक्य आपण विसरू नये. आपल्यातील पुष्कळांचे आजे-पणजे अशाच रीतीने तहानेले राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाड येथे हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते पाणी सर्व माणसांचे आहे हे दाखवण्यासाठी. ज्यांना पाणी नाकारले गेले त्यांच्या लेकरांनी पाणी अडवून बसावे, याहून मोठी कृतघ्नता कोणती?

सभेने ऊस मोडण्याचे ठरवले. कुंपणाबाहेर नळ काढून सर्वांस मोकळा केला. पावसाळ्यापूर्वी तरुणांनी टेकडीच्या उतारावर आडवे चर खणले. त्या उन्हाळ्यात आड भरला नाही, हे खरे सांगितले पाहिजे. पाप कबूल केले म्हणून त्याचे फळ लगेच नाहीसे होत नाही. परंतु म्हातारी दररोज नळावर येऊ लागली, आणि मला मान वर करून तिच्याकडे पाहता येऊ लागले.

हे का घडते तेही समजून घ्यावे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटात पाण्याचे समुद्र नाहीत. वरच्या मुरमात व खडकाच्या भेगांत पावसाचे जेवढे पाणी जिरते तेवढेच आपले भांडवल. जो खोल जातो तो पुष्कळदा नवे पाणी शोधीत नाही; शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्याकडे ओढतो, किंवा पूर्वीच्या कित्येक पावसाळ्यांची साठवण एका उन्हाळ्यात उडवतो. उधळ्या पुत्राने बापाची मालमत्ता अशीच उडवली होती.

३. काही शंका

पहिली शंका अशी की, झाडांना व डोंगरांना पुजणे आपण सोडले. मग त्यांचा एवढा कळवळा का? आपल्या सह्याद्रीत कित्येक गावी देवराया आहेत. तेथील झाडाची काडीही मोडावयाची नाही, अशी जुन्या लोकांची रीत होती. आपण झाडापुढे नमत नाही, हे योग्यच आहे. परंतु ज्यांना झाडात देव वाटला त्यांनी भयाने ते राखले. आणि आपण, ज्यांना झाडाचा निर्माता पिता म्हणून ठाऊक आहे, आपण ते कुऱ्हाडीने पाडून कोळशाच्या भट्टीत घालावे काय? भयाने जे घडले त्याहून प्रीतीने अधिक घडले पाहिजे. बापाच्या हातची वस्तू लेक पुजत नाही, पण ती जपून ठेवतो.

दुसरी शंका अशी की, हे जग नाहीसे होणार आहे, मग त्याची राखण कशाला? पेत्राने आपल्या दुसऱ्या पत्रात अग्नीविषयी लिहिले आहे खरे. परंतु त्याच अध्यायात तो नीतिमत्त्व वास करते अशा नव्या आकाशाची व नव्या पृथ्वीची वाट पाहतो, आणि तोवर आपण कसे वागावे असे विचारतो. आपले हे शरीरही मातीस मिळणार आहे. म्हणून आपण आजारी लेकराला औषध द्यावयाचे थांबतो काय? आणि तिसरा पाठ सांगतो की सर्व सृष्टी प्रसूतीच्या वेदनांप्रमाणे कण्हत आहे व देवाच्या पुत्रांच्या प्रकट होण्याची वाट पाहत आहे. प्रसूतीच्या वेदना मरणाच्या नव्हेत, जन्माच्या आहेत. बाळंतिणीला कण्हताना सोडून जाणारी सुईण कोणालाही आवडणार नाही.

हे कण्हणे आज कानांनी ऐकू येत आहे. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीने महाराष्ट्रातील उभी रब्बी पिके व फळबागा झोडपल्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर विष फवारताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. कोळसा व तेल यांच्या धुराने पृथ्वीचे तापमान वाढत आहे व त्यामुळे पावसाचा ताल बिघडत आहे, असे जगातील शास्त्रज्ञ एकमुखाने सांगतात. ज्याने विमानात कधी पाऊल ठेवले नाही अशा आपल्या शेतमजुराचा त्यात दोष फार थोडा, व भोग मात्र फार मोठा. म्हणून राखणीचा उपदेश प्रथम धनवानांस लागू आहे. परंतु ज्याच्या हाती एक एकर आहे त्यालाही एका एकराचा हिशेब द्यावयाचा आहे.

४. ज्यांनी राखण केली

आपल्या देशात सुवार्ता घेऊन आलेल्या विल्यम केरीचे नाव आपण जाणतो. १७९३ मध्ये तो बंगाल्यात आला. १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरण छापले, व पुढे श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला. परंतु हेही जाणावे की त्याच केरीने श्रीरामपुरास मोठी बाग वाढवली आणि १८२० मध्ये शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी कलकत्त्यास एक मंडळी स्थापली. आपल्या सह्याद्रीच्या रानात कुंभा नावाचे झाड होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या जातीला केरीचे नाव दिले आहे. ज्या हातांनी वचनाचे भाषांतर केले त्याच हातांनी रोपांना आळी केली. त्याला ही दोन कामे वेगळी वाटली नाहीत.

स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये आलेले फादर हर्मन बाखर हे रोमन कॅथलिक धर्मगुरू. त्यांचा पंथ आपल्याहून भिन्न. परंतु नगर जिल्ह्यातील उघड्या टेकड्यांवर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचे काम त्यांनी गावकऱ्यांकडून करवून घेतले, व त्यातच आयुष्य वेचले. २०२१ मध्ये ते निवर्तले.

आणि ज्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतलेले नाही अशांकडूनही आपण शिकावे, कारण प्रभूने स्वतः शोमरोन्याचे उदाहरण दिले. ज्या जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, त्यातील हिवरे बाजार हे अवर्षणाचे गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, श्रमदानाने चर व बांध घातले, पिकांसाठी बोअर घेणे बंद केले, उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य केली, आणि दर वर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवू लागले. पोटासाठी गाव सोडून गेलेली घरे परत आली. जेथे सगळे गाव एक होऊन पाणी मोजते, तेथे मंडळी एक होऊन का मोजू शकत नाही?

५. आपण काय करावे?

पहिले, पाण्यावर कुंपण घालू नये. आपली विहीर शेजाऱ्यास उघडी असावी, आणि पिकासाठी अधिक खोल जाण्याची स्पर्धा सोडावी. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानेही ६० मीटरहून खोल विहिरींना शेतीसाठी मनाई केली आहे. परंतु ख्रिस्ती माणसाने कायद्याच्या भयापुरते थांबू नये.

दुसरे, माती वाहू देऊ नये. उताराला आडवी नांगरट करावी, बांध धरावे, ज्वारी-बाजरीमागून तूर, हरभरा असा फेरपालट ठेवावा. पाचट व काडीकचरा जाळू नये, कुजवावा. बोटभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, आणि एक वळवाचा पाऊस ती नेऊ शकतो.

तिसरे, विष जपून वापरावे. औषधाचे डबे ओढ्यात वा विहिरीवर धुऊ नयेत, घरात धान्याला वापरू नयेत, आणि मजुराला तोंड व अंग झाकण्याचे साधन न देता फवारणीस पाठवू नये. मजुराचा प्राण कपाशीहून मोलाचा आहे.

चौथे, मंडळीत ज्या मुलाचा बाप्तिस्मा होईल त्याच्या नावाने एक झाड लावावे. कडुनिंब, चिंच, आंबा, जे त्या मातीत जगेल ते. लावणे सोपे असते, जगवणे कठीण. म्हणून पहिले तीन उन्हाळे शब्बाथशाळेच्या मुलांनी त्यास पाणी घालावे.

पाचवे, नाताळात व पिकाच्या सणात प्रीतिभोजनासाठी थर्माकोलच्या ताटांऐवजी पळसाच्या पत्रावळी घ्याव्या. देवाचे उपकार मानून उठल्यावर त्याच्या अंगणात कचऱ्याचा ढीग ठेवून जाऊ नये.

यांपैकी कशानेही आपले तारण होत नाही. तारण कृपेने आहे. परंतु ज्याला कृपा मिळाली त्याच्या हातांना ती कळली पाहिजे.

६. बागेतला माळी

शेवटी प्रभूकडे पाहू. योहानाच्या पहिल्या अध्यायात व कलस्सैकरांच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे की सर्व काही त्याच्याद्वारे झाले, आणि वधस्तंभावरील त्याच्या रक्ताने देवाने सर्व गोष्टींचा आपणाशी समेट केला. सर्व गोष्टींचा म्हणजे माणसांचा तर खराच, परंतु केवळ माणसांचा नव्हे. पहिला आदाम बागेत राखणीस ठेवला गेला व चुकला. दुसरा आदाम गेथशेमाने बागेत घामाने भिजला, बागेतल्या कबरेत ठेवला गेला, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी त्याच बागेत उठला. मरीया मग्दालिया त्यास ओळखू शकली नाही. तिला तो माळी वाटला. तिच्या डोळ्यांची चूक झाली, परंतु मला वाटते ती सर्वस्वी चूक नव्हती. ज्या बागेची राखण आपण सोडली तिचा खरा माळी परत आला होता. तो आज आपणांस नावाने हाक मारतो, आणि आपल्या हाती पुन्हा खुरपे देतो.

प्रार्थना : हे स्वर्गातील पित्या, तू दिलेली माती आम्ही उडवली, तुझे पाणी आम्ही अडवले, तुझी झाडे आम्ही तोडली, आणि तहानेल्या शेजाऱ्याकडे आम्ही पाठ फिरवली. आमच्या अपराधांची क्षमा कर. मृगाचा पाऊस वेळेवर पाठव, आणि तो झेलून ठेवण्यास आम्हांस शहाणपण दे. ज्यांची घागर रिकामी आहे त्यांचे तोंड आम्हांस दाखव. तुझ्या पुत्राबरोबर आम्हांस तुझ्या बागेतील विश्वासू चाकर कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.